खलघाटच्या पुलावरून

नर्मदेची परिक्रमा करून आल्याला आता दीड वर्ष होत आलं, तरी देवासला आमच्या कॉलनीत कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय अनुभव आला?" सुरुवातीला मला वाटायचं, पायांबद्दल विचारताहेत. मी टाचांना पडलेल्या भेगांबद्दल सांगायला लागले की समोरच्याचा चेहरा उतरायचा. अनुभव म्हणजे चमत्कार, हे मला उशिरा कळलं. रानात वाट चुकल्यावर कोणी लहान मुलगी आली आणि रस्ता दाखवून नाहीशी झाली, भूक लागली असता कोणी म्हातारी दुधाचा तांब्या घेऊन उभी होती, शूलपाणीच्या झाडीत कपाळावर जखम असलेला उंच माणूस दिसला. यातलं काहीतरी घडावं लागतं. परिक्रमेवरची जी पुस्तकं मी आधी वाचली होती, त्यात हे सगळं प्रत्येकाला घडलेलं होतं, जवळजवळ त्याच क्रमाने. मला लहान मुली पुष्कळ भेटल्या. त्यांनी चॉकलेट मागितलं आणि मिळाल्यावर आपापल्या घरी गेल्या.

मी पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवलं. श्रद्धेची मला चीड नाही. मला चीड आहे ती श्रद्धेतल्या आळसाची. पण हे लिहायला घेतलं ते त्यासाठी नाही. मला एका पुलाबद्दल लिहायचं आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी नियम सांगते. नदी उजव्या हाताला ठेवून चालायचं. एका तटाने समुद्रापर्यंत, तिथे नावेतून मुख पार करून दुसऱ्या तटाने उगमापर्यंत, आणि पुन्हा जिथून निघालो तिथे. मधे कुठेही नदी ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा खंडित. बाकीचे नियम प्रत्येक जण आपल्या सोयीने वाकवतो, हा एक मात्र कोणी वाकवत नाही, असं निदान सांगतात.

माझ्या यजमानांनी निवृत्तीनंतर दोन वर्षं याच एका गोष्टीची तयारी केली. ते इथल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तयारी म्हणजे काय, हे त्यांनी कॉलनीतल्या एका गृहस्थांकडून शिकून घेतलं. या गृहस्थांना सगळे मार्गदर्शक म्हणतात. त्यांनी स्वतः परिक्रमा दोनदा केली आहे, दोन्ही वेळा बसने. बसमध्ये पुढची सीट मिळाल्याने त्यांना नदी नीट दिसली असावी, कारण पायी जाणाऱ्यांना कुठे काय करायचं हे ते अगदी अधिकाराने सांगतात. रोज सकाळी ते आठ-दहा निवृत्त पुरुषांना देवीच्या टेकडीवर दोनदा चढवत आणि खाली आल्यावर पोहे-जलेबी खायला घालत. याला सराव म्हणायचे.

"वहिनी, तुम्ही टेन्शनच घेऊ नका," ते यजमानांकडे बोट करून मला म्हणायचे. "भियाचा स्टॅमिना बघा, फर्स्ट क्लास आहे. बाकी मैया सब देख लेगी."

"मैया बघणार असेल तर टेकडी कशाला?" मी विचारलं.

"हे बघा, टीचर लोकांचं असंच असतं," ते हसून यजमानांना म्हणाले. यजमानही हसले. माझ्या बोलण्यावर इतरांबरोबर हसण्याची त्यांची ती पद्धत मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून आवडत नसे.

मार्गदर्शकांनी वस्तूंची यादी दिली होती. ती पिशवीत भरून आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिशवी तोलली जाई. वजन जास्त भरलं की यजमान एक-एक वस्तू काढत, आणि दुसऱ्या दिवशी परत घालत. कंगव्याचे त्यांनी दोन तुकडे केले आणि अर्धा कंगवा सोबत ठेवला. डोक्यावर केस किती उरलेत, हा प्रश्न मी विचारला नाही. चामडं चालत नाही म्हणून कापडी बूट आले. ते चावले म्हणून दुसरे आले. माणसाला देवाकडे जाताना बाजारातून इतकं काही लागतं, हे मी पाहत होते, आणि माझं तोंड काही गप्प राहत नव्हतं.

कार्तिकी एकादशीनंतर ते ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघाले. बरोबर टेकडीवरचे दोघे सोबती. नवव्या दिवशी दुपारी मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. एक बाई बोलत होती. तिची निमाडी बोली मला अर्धीच कळली. खलघाटच्या पुलापासून थोडं अलीकडे, दक्षिण तटावर तिचं घर. बाबाजींना कालपासून फार ताप आहे, छाती वाजतेय, काही खात नाहीत, काय करू?

"त्यांच्याबरोबरचे दोघे कुठे आहेत?"

"ते परवाच पुढे गेले, माताजी."

ते दोघे पुढे गेले होते. नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं की एकाची गती मोडली की सगळ्यांची मोडते. दोघांनीही परिक्रमा पूर्ण केली. दोघांनाही अनुभव आले.

त्या दुपारी मला एक मिनिटात ठरवावं लागलं. त्या तटावरून मोठं इस्पितळ म्हणजे बडवानी, लांबचा रस्ता. पूल ओलांडून धामनोद अगदी जवळ, आणि तिथून सरळ हायवेने इंदूर. मी बाईला सांगितलं, गाडी करा आणि धामनोदला आणा, मी देवासहून निघते. मग तिने फोन त्यांच्या कानाला लावला असावा. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग ते म्हणाले, "पूल नको गं."

मी म्हणाले, "गप्प बसा."

चौतीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द मी कितीदा म्हटले असतील. त्या वेळी त्यांनी ऐकले. धामनोदला मी पोचले तेव्हा त्यांना ऑक्सिजन लावलेला होता. इंदूरला न्यूमोनिया म्हणाले. पुढचे अकरा दिवस ते बोलले नाहीत म्हटलं तरी चालेल. मास्क होता हे खरं, पण मास्क काढल्यावरही ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी ज्या बाजूला बसे तिकडे त्यांची पाठ. बाराव्या दिवशी सकाळी ते गेले.

धारहून माझ्या थोरल्या नणंदबाई आल्या. वन्सं धारच्या जुन्या वस्तीत राहतात आणि त्यांच्या बोलण्यात अजून 'बाळंतविडा' आणि 'उष्टावण' हे शब्द रोजच्या वापरात आहेत. त्यांनी धाकट्या भावाला आईच्या मागे वाढवलं होतं. तेराव्याला जेवणं झाल्यावर, पानं उचलली जात असताना, सगळ्यांसमोर त्या मला शांतपणे म्हणाल्या, "लोक बुडत्याला काठावर आणतात गं. तू काठावरच्याला पलीकडे नेलंस."

"वन्सं, त्यांना श्वास घेता येत नव्हता."

"तो कुठे वाचला? तू शिकलेली. तुला पूल म्हणजे नुसता पूल. त्याच्या जिवाला काय वाटलं असेल ते त्याने भिंतीला सांगितलं."

भिंतीबद्दल मीच त्यांना सांगितलं होतं. मार्गदर्शक जवळच बसले होते. त्यांनी सुस्कारा सोडून "खंडित झाली खरी" असं म्हटलं आणि मठ्ठा मागितला.

पुढचं वर्षभर मी पुस्तकांत उत्तर शोधलं. हे हास्यास्पद होतं हे मला तेव्हाही कळत होतं. नदीची माहात्म्यं वाचली, संस्कृतात आणि भाषांतरात. त्यात पुलाबद्दल काहीच नव्हतं, कारण ती लिहिली तेव्हा पूल नव्हते. आजारी माणसाला बेशुद्धीत पलीकडे नेलं तर दोष कोणाचा, हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. माझा त्या नियमावर विश्वास नव्हता, आजही नाही. पण त्यांचा होता. दोन वर्षं ते त्या एका गोष्टीसाठी जगले आणि मी ती दोन शब्दांत मोडली; आणि ते मला काही न बोलता गेले. मला कोणा देवाशी हिशेब मिटवायचा नव्हता. मला त्यांच्या पाठीला उत्तर द्यायचं होतं.

वर्षश्राद्धाला मी धारला गेले होते. तिथे वन्संनीच तोडगा काढला. "जिथे मोडलीस तिथून उचल आणि पुरी कर. तेवढं तरी कर त्याच्यासाठी." हा नियम त्यांनी कुठून आणला, हे मी विचारलं नाही. बहुधा स्वतःच केला असावा. मार्गदर्शक म्हणाले की असं मधूनच उचलता येत नाही, पण फेब्रुवारीत त्यांची बस निघते आहे आणि महिलांसाठी वेगळी व्यवस्था आहे. त्यांचं ऐकून मी वन्संचं ऐकायचं ठरवलं.

तयारी मी आधीच सुरू केली होती, कोणाला न सांगता; कधीतरी चालावं लागणार असं वन्सं बोलायच्या आधीपासूनच वाटत होतं. टेकडीवर गेले नाही. बायपासच्या कडेने सकाळी चालायला जायची, पाठीवर शाळेची जुनी पिशवी, त्यात आधी दोन वह्या, मग चार शब्दकोश. शब्दकोशांचा एवढा उपयोग मला आयुष्यात प्रथमच झाला. वाटेत कोरडा शिधा मिळतो, त्याला सदाव्रत म्हणतात, आणि तो आपण शिजवून खायचा असतो; म्हणून गच्चीवर तीन विटा मांडून गोवऱ्यांवर खिचडी करून पाहिली. शेजारणीने खालून विचारलं, "आँटी, गॅस खतम हो गया क्या? सिलिंडर देऊ?" धुराने डोळे चुरचुरले आणि खिचडी खालून करपली. दुसऱ्या आठवड्यात करपणं थांबलं. पायाला फोड आला की सुई-दोरा आरपार ओवून दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपून जातं आणि कातडं जागेवर राहतं, हे मला भाजी विकणाऱ्या बाईने शिकवलं. ती पिपलरावां गावाहून येते आणि दर वर्षी कुठल्याशा यात्रेला चालत जाते. मार्गदर्शकांच्या यादीत सुई नव्हती. ओडोमॉस होतं.

मार्गशीर्ष सरता सरता मी बसने इंदूर, तिथून मानपूरचा घाट उतरून धामनोद आणि धामनोदहून खलघाट असा प्रवास केला. संकल्प अजून व्हायचा होता, त्यामुळे पूल ओलांडायला मला हरकत नव्हती. टेम्पोत बसून तो ओलांडला. लांब, रुंद, ट्रकांनी भरलेला, आणि दिसायला अत्यंत सामान्य. वर्षभर मी ज्याला घाबरले तो हा, असं मनात आलं. टेम्पोवाला कानाला फोन लावून म्हशीच्या भावाबद्दल बोलत होता.

बाईचं घर सापडायला वेळ लागला नाही. रस्त्यावरच्या पहिल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "ज्या घरी बाबाजी आजारी पडले होते तेच ना?" घर चांगलं होतं, पुढे कापूस पसरलेला. बाई पंचेचाळिशीची, अंगाने आडवी, आवाज मोठा. तिने मला ओळखलं नाही. "नर्मदे हर. किती मूर्ती?" म्हणाली. परिक्रमेत माणसांना मूर्ती म्हणून मोजतात. मी म्हटलं एकच, आणि मग सांगितलं कोण ते. ती आत गेली, पदराने एक पाट पुसून आणला आणि म्हणाली, "बसा. तुम्ही यायला फार उशीर केलात." ती निमाडीतच बोलत होती; मी ते आता मराठीत लिहिते आहे.

मला वाटलं, ती दुःखाबद्दल काही बोलेल. ती उठली आणि देवाच्या कोनाड्यातून एक पितळी झाकणाची काचेची कुपी घेऊन आली.

"ही घेऊन जा. वर्ष झालं सांभाळतेय."

ही कुपी म्हणजे काय ते मला माहीत होतं. प्रत्येक परिक्रमावासी निघताना नदीचं पाणी एका कुपीत भरून घेतो, तिची रोज पूजा करतो, आणि वाटेत थोडं पाणी बदलत राहतो. तीच त्याची मैया. यजमानांची कुपी इस्पितळात आलेल्या सामानात नव्हती. ती रस्त्यात कुठे हरवली असेल असं मी धरून चालले होते.

"ही इथे कशी राहिली?"

"दातांच्या वेळी ठेवली ना."

"कुठल्या दातांच्या?"

बाईने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला बोलले नाहीत?"

मग तिने सांगितलं. यजमान तिच्या घरी आले तेव्हा त्यांना ताप वगैरे काही नव्हता. त्यांची खालची कवळी मोडली होती. आदल्या आश्रमात मक्याचा टिक्कड, म्हणजे जाड कडक भाकरी, खाताना तिचे दोन तुकडे झाले होते. दोन दिवस ते नुसता चहा आणि भिजवलेले पोहे यांवर होते. सोबती म्हणाले, मैयाची इच्छा, आता दूध-केळ्यावर चला. दुसऱ्या दिवशी सोबती पुढे गेले, आणि ते दिसेनासे झाल्यावर यजमानांनी बाईच्या नवऱ्याला विचारलं, धामनोदला दातांचा डॉक्टर आहे का?

"मी म्हटलं, बाबाजी, धामनोद पलीकडे आहे. तुमची परिक्रमा मोडेल. तर म्हणाले, मोडणार नाही, मी विचार केलाय. ही कुपी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, परिक्रमा हिची आहे, माझी नाही. ही इथे राहील. मी फक्त दात घेऊन जातोय."

"असं म्हणाले?"

"असंच. माझा नवरा तर हसून-हसून बेजार. मग मोटरसायकलवर मागे बसून गेले. संध्याकाळी परत आले, दात बसवून. दोन भाकरी खाल्ल्या. वांग्याची भाजी परत मागून घेतली. मला म्हणाले, कोणाला सांगू नका. आणि रात्री थंडी भरली."

मी त्या पाटावर बसून होते. कापसावर एक कोंबडी चालत होती आणि बाई तिला हाकलत होती. इस्पितळाने डबीत घालून दिलेली कवळी मला आठवली. तिला मधोमध एक नवा गुलाबी सांधा होता. मला वाटलं होतं, नर्सकडून पडली असेल.

पहिल्यांदा मला जे वाटलं ते मी लपवत नाही. मला त्यांची किळस आली. तीस वर्षं ज्या डोक्याने त्यांनी कारखान्याच्या गेटवर माल अडवला आणि सोडला, त्याच डोक्याने त्यांनी नदीलाही गेटपास लावला होता. माल आवारात आहे, म्हणजे बाहेर काही गेलंच नाही. आणि एवढी युक्ती करून झाल्यावर, दोनच दिवसांनी, मला म्हणाले, पूल नको गं. त्याच पुलावरून ते वांग्याच्या भाजीसाठी जाऊन आले होते. मी वर्षभर माहात्म्यांत बोटं घालून बसले होते, आणि एक वाक्य, फक्त एक वाक्य, त्यांना मला सांगवलं नाही.

"मग गाडीत घातलं तेव्हा?" मी विचारलं.

"तेव्हा शुद्ध कमी होती. पण कोनाड्याकडे हात करत होते सारखे. नवऱ्याला वाटलं कुपी हवीय, तो काढायला गेला तर मान हलवून नको-नको. मग मला कळलं. मी म्हटलं, बाबाजी, मी सांभाळते, ही इथेच राहील. तेव्हा कुठे पडून राहिले."

म्हणजे त्यांच्या कायद्याप्रमाणे परिक्रमा मोडलीच नव्हती. ती या घराच्या कोनाड्यात वर्षभर उभी होती. मग भिंत? मी पुढे एकदा विचारलं तेव्हा कॉलनीतल्या एका डॉक्टरांनी सांगितलं की ज्या बाजूचं फुप्फुस दुखतं त्या बाजूवर माणूस निजतो, त्याने वेदना कमी होतात. इस्पितळात मी कोणालाच विचारलं नव्हतं की कुठल्या बाजूचं. मला वाटलं होतं, ती पाठ माझ्यासाठी आहे.

"दर एकादशीला मीच खाली नदीवर जाऊन पाणी बदलत होते," बाई म्हणाली. "आता तुम्ही घ्या. माझ्याकडे ढोरं आहेत, कापूस आहे, आणखी एक देव कुठे सांभाळू?"

मला त्या क्षणी परत फिरता आलं असतं. मी काही मोडलं नव्हतं, तेव्हा जोडण्यासारखंही काही नव्हतं. पण कुपी माझ्या हातात होती आणि बाई ती परत घेणार नव्हती हे उघड दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती पिशवीत घातली, नदी उजव्या हाताला घेतली आणि निघाले.

चालण्याबद्दल मी फार लिहिणार नाही. पहिले दहा दिवस मी मनात त्यांच्याशी भांडत होते आणि पाय आपोआप पुढे जात होते. त्यानंतर भांडण संपलं आणि पाय दुखायला लागले. वाटेत पुष्कळ निवृत्त लोक भेटले, बरेचसे महाराष्ट्रातले. ज्यांच्या घरात दोन वेळचं धान्य मोजून येतं त्यांच्या ओसरीवर बसून ते चहात साखर कमी आहे म्हणत. मोटरसायकलवर तीन-तीन गावं पुढे जात आणि "मैयानेच पाठवला" म्हणत. 'नर्मदे हर' हे त्यांचं हॉर्नसारखं झालं होतं. दारात उभं राहून वाजवलं की कोणीतरी जेवण घेऊन बाहेर यायचं. एक गृहस्थ रोज किती पावलं झाली ते मनगटावरच्या घड्याळात बघून घरी कळवत. मी त्यांच्यापेक्षा बरी होते असं नाही. एका आदिवासी घरी मला तिथल्या म्हातारीने आपल्या वाटणीची मक्याची भाकरी दिली, आणि ती खाताना तिच्या बोलीतले प्रत्यय कुठून आले असावेत याचा मी विचार करत होते. भाकरी संपल्यावर लक्षात आलं की म्हातारी जेवलेली नाही. तिला तिचं नावही मी विचारलं नव्हतं, प्रत्यय मात्र पाठ झाले होते.

मी शिकले काय, असं कोणी विचारलं असतं तर मी एवढं सांगितलं असतं: सकाळी उठून पिशवी भरायची, शेवटी काय घातलं ते लक्षात ठेवायचं, आणि पाणी दिसलं की प्यायचं. हे मी गावोगाव शिकले. माझ्या शाळेत हे शिकवायला अर्धा तास लागला असता, पण कळलं नसतं.

नदीचं मुख नावेने ओलांडून उत्तर तटाने परत येताना धार जिल्हा लागला. रथसप्तमी व्हायची होती. खलघाटला उत्तर काठावर वन्सं मला भेटायला आल्या. परिक्रमेतलं माणूस आपल्या गावाजवळून जात असलं की नातेवाईक डबा घेऊन येतात, तशा त्या भाच्याच्या गाडीतून आल्या होत्या. भाचा गाडीतच बसून राहिला. वन्सं घाटाच्या वरच्या पायरीवर सतरंजी घालून बसल्या. पुलावरून ट्रक जात होते. समोर दक्षिण तट दिसत होता, पण त्या बाईचं घर झाडांमागे होतं.

"वाळलीस," त्या म्हणाल्या. "आणि काळी किती झालीस."

"चालते आहे ना, वन्सं."

"माहीत आहे चालतेस ते." त्यांनी डबा उघडला. मुगाची खिचडी, कढी आणि तिळाच्या वड्या. मी जेवायला लागले. त्या पुलाकडे पाहत होत्या. "ह्याच पुलावरून आणलंस?"

"हो."

"हं."

ते 'हं' ऐकण्यासाठीच जणू मी दीड महिना चालले होते. माझं वाक्य तयार होतं. पहिल्या दहा दिवसांत मी ते इतकं घासूनपुसून ठेवलं होतं की त्यात एकही शब्द जास्त नव्हता. वर्षभर सगळ्यांसमोर सोसलेलं मी त्या एका वाक्यात परत करणार होते.

"वन्सं, ते आजारी पडायच्या आदल्या दिवशी स्वतःच हा पूल ओलांडून धामनोदला गेले होते. कवळी मोडली होती, ती सांधायला. आणि त्या बाईला बजावून ठेवलं, कोणाला सांगू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी कुपीचं सगळं सांगितलं, "मी फक्त दात घेऊन जातोय" हेही. माझ्या आवाजात काय होतं ते मला ऐकू येत होतं आणि ते चांगलं नव्हतं. वन्संचा हात डब्याच्या झाकणावर होता. त्या म्हणाल्या, "दात नीट बसले होते का?"

मला वाटलं होतं त्या रागावतील, खोटं म्हणतील, निदान देवाचं नाव घेतील.

"बसले असावेत," मी म्हणाले. "त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. वांग्याची भाजी परत मागितली."

"वांग्याची?" त्या म्हणाल्या. "चातुर्मास संपला होता ना तेव्हा?"

"संपला होता. कार्तिकी होऊन गेली होती."

"मग चालतं," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी पदराचं टोक नाकाला लावलं. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "लहानपणी एकादशीला शेजारी जाऊन जेवायचा. आमच्या घरचा उपास आहे, त्यांच्या घरचा नाही, म्हणायचा. मी किती मारलंय त्याला त्यावरून."

त्यांनी माझी माफी मागितली नाही. मी वाटही पाहिली नाही, असं लिहिणार होते. पण पाहिली, खिचडी संपेपर्यंत पाहिली. त्यांनी फक्त आणखी कढी वाढली, आणि विचारलं की ती बाई कुठल्या जातीची, कापूस किती होतो, धामनोदच्या डॉक्टरने किती वेळ बसवून ठेवलं, येताना मोटरसायकलवर त्याच्या अंगावर स्वेटर होता का. मला यातलं फारसं ठाऊक नव्हतं. तो गळ्याशी बटणं असलेला तपकिरी स्वेटर वन्संनीच विणलेला होता. मला एवढंच आठवत होतं की तो इस्पितळात आलेल्या सामानात होता, घडी करून, आणि मी सांगितलं, "होता. सामानात, घडी घातलेला."

"घडी घातलेला म्हणजे घातलाच नसेल," वन्सं म्हणाल्या.

भाच्याने हॉर्न दिला. ऊन चढलं होतं आणि मला संध्याकाळपर्यंत महेश्वरच्या वाटेवर बरंच अंतर कापायचं होतं. वन्सं उठल्या, सतरंजी झटकली, आणि माझ्या पिशवीचा पट्टा ज्या बाजूने खांद्यात रुतत होता तिथे आपला रुमाल चौघडी करून घातला. मी नदी उजव्या हाताला घेतली. थोडं पुढे गेल्यावर मागे पाहिलं तेव्हा त्या अजून गाडीत बसल्या नव्हत्या. डोळ्यांवर हाताचा आडोसा करून पलीकडच्या काठावर त्या बाईचं घर शोधत होत्या, जे तिथून दिसत नाही.